हळू सांगायची गोष्ट

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कांस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमचे बंधू ठणठणीत आहेत, म्हणजे पेपर वाचतात, चहा मागतात आणि बाकी कशात नसतात. तुम्हांला फोन करावा तर तुम्ही पलीकडून "काय?" एवढंच म्हणता, मी "काही नाही" म्हणते आणि दोघी ठेवून देतो. त्यापेक्षा आंतरदेशीय बरं. घडीच्या कडेपर्यंत लिहिलं की वाया काही जात नाही.

बातमी अशी की यंदा नाताळला दोन्ही पोरं घरी येताहेत. अमरसिंह आणि सूनबाई राजनंदिनी पुण्याहून, मोना बंगळूरहून. वीस तारखेला येतील. पण पोरांच्या आधी त्यांचे हुकूम येऊन पोचले. मोनानं कळवलंय की यंदाचा नाताळ शांत करायचा. शांत म्हणजे काय, हे मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली असल्यानं मला समजावून सांगण्यात आलं. पाहुणे बोलवायचे नाहीत. गायनमंडळाला ढोलकी घेऊन अंगणात उभं करायचं नाही. दारावरची चांदणी लावायची, पण ती लुकलुकता कामा नये. मेणबत्त्या ती स्वतः आणणार आहे, बॅटरीवर चालणाऱ्या. तळण नको. केक ती करणार, त्यात मैदा नाही, साखर नाही, अंडंही नाही. मग उरलं काय, ते तिनं लिहिलं नाही.

अमरसिंहही शांततेच्या बाजूचा. गेल्या खेपेला तो शांतता मिळावी म्हणून दिवसभर कानात बोंडं घालून गाणी ऐकत बसला होता, ते तुम्हीही पाहिलंत. तुमच्या बंधूंनी सगळं ऐकून पेपर उलटला आणि म्हणाले, नाताळ हा मुळातच ताळ नसलेला सण, आता त्यातला आवाजही पोरांनी काढला. मी म्हटलं, माझ्या वहीतल्या करंज्यांचा ताळा दरवर्षी याच दिवसांत का चुकतो, ते आधी सांगा. त्यावर पेपर पुन्हा वर गेला.

आता एक सांगायचं राहिलं. यंदा थंडी फार आहे. तुमच्याकडं आंबा घाटाच्या बाजूनं धुकं उतरतं, एसटीच्या खिडक्या लागत नाहीत, आणि तुमचे गुडघे. तेव्हा सर्वांचं मत असं पडलं की या नाताळला तुम्ही येण्याचा त्रास घेऊ नये. करंज्यांचा डबा मी पाठवीन. तळण नको असं फक्त मोनासाठी ठरलंय.

घडी संपली. लोभ आहे तेवढाच ठेवावा, जास्तीचा मागायला तोंड नाही.

आपली भावजय,
संयोगिता


मलकापूर
ता. १ डिसेंबर

चि. सौ. संयोगितास,
आक्काचे अ. आ. या खेपेला जरा हात आखडून दिले आहेत.

तुझं थंडीचं वाचून करमणूक झाली. या धुक्यात मी चाळीस वर्षं नर्स म्हणून बाळंतपणं केली. बैलगाडीत केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केली, एक तर उसाच्या फडात. तेव्हा थंडी वाजली नाही, ती आता सख्ख्या भावाच्या, जोत्याच्या घरी येताना वाजणार.

सर्वांचं मत पडलं म्हणतेस. हे सर्व कोण, त्यांची नावं लिही. जोत्या त्यात नसणार. त्याला लग्नाआधी एकच मत होतं, तेही तुझ्याबद्दल, आणि ते त्यानं वापरून टाकलं. तू त्या घरात आल्यापासून अडतीस नाताळ मी तुझ्या हातचं जेवले. रस्सा खारट झाला तेव्हा खारट आहे असं म्हटलं. एवढी खरी बोलणारी नणंद दुसरीकडं मिळाली असेल तर कळव, मी अडून बसत नाही.

पण मला खरं कारण समजत नाही असं समजू नकोस. कान गेलेत, बोटं शाबूत आहेत. गेल्या नाताळला राजनंदिनीनं मला सांगितलं की दिवस राहिलेत. मी तिच्या तोंडात साखर घातली, सगळ्यांना उभं करून प्रार्थना केली. म्हणजे जुलैत बाळंतपण. जुलै आला आणि गेला. मी लाल लोकरीचं टोपडं विणून पाठवलं, तर तुझं उत्तर आलं की लोकर मऊ आहे. मुलगा की मुलगी, ते नाही. बाप्तिस्माही उरकला असणार, मला बोलावलं नाही. मी विचारलं नाही, कारण मलाही मान आहे.

लेकरू आता पाच महिन्यांचं असेल. पालथं पडत असेल, हुंकार देत असेल. त्याचा पहिला नाताळ, म्हणून तो शांत हवा. म्हातारीचा आवाज मोठा, लेकरू दचकेल. हेच ना? अर्ध्या शाहूवाडी तालुक्यानं जगात पहिला आवाज ऐकला तो माझा. त्यातलं कुणी दचकून मेलं नाही.

लोभाचं तूच बघ. माझ्याकडचा संपत आलाय.

आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ५ डिसेंबर

ती. आक्कांस,
सलाम वि. वि. या वेळी आंतरदेशीय नाही, बंद पाकीट घेतलंय. वाचताना बसून वाचावं आणि दाराला कडी घालावी.

आक्का, लेकरू नाही.

हे मी वर्षभर लिहायचं ठरवत होते. तीनदा बसले. तिन्ही वेळा पत्र हवामानावर गेलं. तुम्ही टोपडं पाठवलंत त्या दिवशी तर मी लोकरीवर चार ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं. ते टोपडं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत आहे. मी रोज प्रार्थनेत खरं बोलण्याची शक्ती मागते. मिळते ती वाण्याशी बोलण्यापुरतीच मिळते.

गेल्या नाताळला झालं ते असं. जेवणं उरकत आली होती. पाळकसाहेब भात नको म्हणत होते आणि घेत होते. शमशादभाभी शेजारून आपलं पातेलं न्यायला आल्या होत्या. तुम्ही राजनंदिनीला शेजारी बसवून विचारलंत, काही विशेष आहे का म्हणून. तुमचं विचारणं पाळकसाहेबांच्या ताटापर्यंत ऐकू गेलं. ती मात्र तुमच्याकडं झुकून अगदी हळू बोलली. मी वाढत होते म्हणून मला ऐकू आलं.

"राहिलं होतं, आक्का. पर राहिलं न्हाय."

तुम्ही पहिलं वाक्य ऐकलंत आणि दुसऱ्यासाठी थांबला नाहीत. तिच्या तोंडात साखर घातलीत. सगळ्यांना उभं केलंत. प्रभूचे आभार मानलेत, बाळाला धडधाकट हातपाय मागितलेत, नाक तेवढं जोतीरामासारखं नको हीही विनंती मांडलीत. अमरसिंह पुढं होणार, तोच राजनंदिनीनं त्याचा शर्ट धरला. मी तुमच्या कानाशी यायला निघाले आणि थांबले. तुमच्या कानात सांगायचं तर बस स्टॉपपर्यंत ऐकू जातं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती, आणि हळू सांगितलेलं तुम्हांला पोचत नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. राजनंदिनीनंही म्हटलं.

तिचं त्याच्या आधीच्या महिन्यात गेलं होतं. आम्ही घरातही त्यावर फार बोललो नव्हतो. मी तिला डिंकाचे लाडू दिले आणि विश्रांती घे म्हटलं. माझी तेवढीच धाव.

तर शांत नाताळ तो याच्यासाठी. अमर म्हणतो की आक्का आली की पहिला प्रश्न तोच विचारणार. मोनाही तेच म्हणते. मी त्यांच्या बाजूनं मान हलवली आणि तुम्हांला थंडीचं लिहिलं. तुम्ही नावं मागितलीत, म्हणून लिहिते: अमरसिंह, मोना आणि संयोगिता. तुमच्या बंधूंना विचारलंच नाही.

लोभाबद्दल काय लिहू. उरला असेल तर कळवा.

संयोगिता


मलकापूर
ता. १० डिसेंबर

चि. सौ. संयोगितास,
अ. आ.

पाकीट मिळालं. कडी घालून चार वेळा वाचलं. कानानं ऐकलं असतं तर एकदाच ऐकून भांडले असते. कागदाशी भांडता येत नाही.

माझं चाळीस वर्षांचं काम काय होतं, सांगू? बाई बोलते काय, यापेक्षा बोलता बोलता कुठं थांबते, ते ऐकायचं. खेड्यातल्या पोरी अर्धंच बोलतात, उरलेलं आपण काढायचं असतं. ते मी परक्या पोरींचं काढलं आणि घरच्या सुनेच्या तोंडात साखर कोंबली. जोत्याच्या नाकावर विनोद केला, तोही देवापुढं.

तुझ्यावर राग आहे, तो वेगळा. वर्षभर तू मला त्या लेकराला वाढवू दिलंस. जुलैत मी त्याचं नाव ठेवलं. ऑगस्टात ते माझ्याकडं बघून हसलं. आता दात यायचे होते. हे तुझ्या वहीत कुठं लिहिणार आहेस ते बघ.

मी येत नाही. हे रागानं लिहीत नाही. पोरांचं बरोबर आहे, मी आले की शांतता राहणार नाही. करंज्यांचा डबा पाठव. टोपडं उसव, लोकर चांगली आहे, जोत्याला मोज्यांना होईल.

सोबत घडी घातलेली चिठ्ठी आहे ती राजनंदिनीची. तू वाचायची नाहीस. उजेडापुढंही धरायची नाहीस. तू धरणारच, हे मला माहीत आहे, म्हणून मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलंय.

आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २३ डिसेंबर

ती. आक्का यांस,
तुमच्या घरात सलाम लिहितात, माझ्या माहेरी हातकणंगल्याला नमस्कार. दोन वर्षं झाली तरी माझं ठरत नाही. दोन्ही घ्यावेत.

हे पत्र टपालानं येत नाही, अमर घेऊन येतोय. तुमचं वाचून होईपर्यंत त्याला बाहेर धुक्यात उभा करा. चहा विचारू नका.

तुमची चिठ्ठी आईंनी माझ्या हातात दिली. उजेडापुढं धरून पाहिली, पण दोन्ही बाजूंनी लिहिल्यानं काही लागलं नाही, असं त्यांनीच कबूल केलं. मला वाटलं होतं माफीचं लांबलचक काहीतरी असेल. तुम्ही तीनच प्रश्न विचारलेत आणि पाठीमागं लिहिलंत की उत्तर नाही दिलंस तरी चालेल, विचारायचं काम माझं होतं.

उत्तरं देते. अकरा आठवडे. तारीख सोळा नोव्हेंबर, गुरुवार. जवळ कोण होतं: अमर रस्त्यात गर्दीत अडकला होता, तो यायच्या आत सगळं झालं. एक सिस्टर होत्या. त्यांनी बराच वेळ माझी पावलं दाबली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

आक्का, वर्षभरात सगळे माझ्याशी फार चांगले वागले. इतके चांगले की मी खोलीत आले की बोलणं बदलायचं. किती आठवडे होते, हे कुणी विचारलं नाही. माझ्या आईनंही नाही.

आणखी एक, जे मी अमरलाही सांगितलेलं नाही. गेल्या नाताळला मी त्याचा शर्ट धरला, तो तुमची लाज राखायला नव्हे. तुमची प्रार्थना चालली तेवढा वेळ ते होतं. त्याला हात होते, पाय होते, नाकसुद्धा होतं. कुणी मध्ये बोललं असतं तर ते लगेच गेलं असतं. म्हणून मी आमेन म्हटलं.

शांत नाताळ मी मागितला नव्हता. मला कुणी विचारलंच नव्हतं, थेट जाहीर झालं. घरात इतकी शांतता आहे की फ्रीज चालू झाला तरी सगळे दचकतात.

तुम्ही या. माझी एकच अट आहे. यंदा जेवणाआधीची प्रार्थना मी करणार. या घरात मी अजून मोठ्यानं कधी केलेली नाही, यंदाही मोठ्यानं करणार नाही. तुम्हांला ऐकू आली नाही तर नाही.

अमरला आता आत घ्या.

तुमची,
राजनंदिनी


मलकापूर
ता. ३० डिसेंबर

चि. सौ. संयोगितास,
अ. आ. मोकळ्या हातानं.

गाडी वेळेवर पोचली, गुडघे आहेत तसेच आहेत. तुमच्या शांत नाताळाबद्दल तक्रारी लिहायला बसले आहे. प्रत्येकाला वाचून दाखव, मोनाला दोनदा.

पहिली तक्रार तुझ्या चिरंजीवाची. मला न्यायला आला, पिशवी उचलली आणि बांबवड्यापर्यंत तोंड उघडलं नाही. तिथं गाडी थांबवून मला चहा पाजला आणि काचेकडं बघत बरंच काही बोलला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी बरं म्हटलं. मग त्यानं डोळे पुसले, त्यावरून विषय कळला. पोराला सांग, माफी मागायची तर तोंड इकडं करून मागावी, मला ओठ वाचता येतात.

केकबद्दल मोनाला वाईट वाटू नये म्हणून मी दोन तुकडे खाल्ले. पुढच्या वर्षी तो केक खाली ठेवावा आणि वर पाटा ठेवावा, डगमगणार नाही. बॅटरीच्या मेणबत्त्या फुंकर मारून विझत नाहीत, हे मला तीन फुंकरा वाया गेल्यावर सांगण्यात आलं. पाहुणे नकोत हे ठरलं होतं, पण शमशादला कुणी कळवलंच नाही. ती बिर्याणीचं ताट घेऊन आली तेव्हा तिला परत पाठवायची हिंमत तुझ्या लेकीत नव्हती. उलट ताट तिनंच आत ओढलं. करंज्या चोरतो कोण, तेही मी पाहिलंय. तुझा नवरा पेपरात गुंडाळून नेतो. म्हणून त्याचा पेपर आडवा धरलेला असतो.

आता टोपड्याचं. तू ते ट्रंकेतून काढलंस, ते उसवण्यासाठी, हे मला कळलं. ते राजनंदिनीनं तुझ्या हातातून घेतलं आणि गव्हाणीवर घातलं, हे मी स्वतः पाहिलं. तुझी ती मातीची गव्हाणी एवढीशी, त्यातला बाळ येशू करंगळीएवढा. टोपड्याखाली बाळ, मरिया, मेंढरं सगळी मावली. योसेफ तेवढा बाहेर उभा राहिला, जोत्यासारखा. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता. कुणी काही बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

मी तिला विचारलं नाही काही. तीन दिवसांत एकदाही नाही. तू आणि पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसला होतात, तेही मी पाहिलं.

मग जेवणाआधी ती उभी राहिली. डोळे मिटायचे असतात, पण मी अर्धे उघडे ठेवले, कारण ओठ बघायचे होते. तिनं मान खाली घातली, तेही गेलं. ती काय बोलत होती ते सगळ्यांना ऐकू येत होतं, मला सोडून. मोनाचं नाक लाल झालं. जोत्यानं पेपर नसताना तोंड कुठं लपवावं ते न कळून ताटाकडं बघितलं. मग तिचे खांदे थांबले. मला वाटलं, संपली प्रार्थना. गेल्या वर्षीचं फेडायचं मनात होतं, म्हणून मागं राहायला नको असं ठरवून मी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं, आमेन म्हटलं.

संपली नव्हती. पोरगी रडू आवरायला थांबली होती.

पुन्हा मधेच कापलं मी तिला. अमरनं कपाळाला हात लावला. तुझ्या हातातली पळी पडली, ती पडलेली मला ऐकू आली. आणि राजनंदिनी माझ्याकडं बघून हसायला लागली. पोट धरून हसली. मग डोळे पुसून माझ्याजवळ आली, माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि राहिलेलं म्हणाली. शब्द नाही कळले, पण गळा हलत होता तोवर ती बोलत होती आणि थांबला तेव्हा थांबली. या खेपेला मी दुसऱ्यासाठी थांबले. मग आमेन म्हटलं, हळू.

तिनं काय मागितलं ते तुला माहीत आहे. मला लिहू नकोस. लेखी नको, तोंडी तर नकोच. एखादी गोष्ट न ऐकताच तिला आमेन म्हणावं, एवढं ऋण माझ्याकडं निघतंय.

लोभ वाढवायला सांगत नाही. वाढला, ते निघताना पाहिलं. करंज्या कमी दिल्यास, त्या मोजल्यात.

तुझी,
आक्का